शाळेची बस की गल्लीतली व्हॅन?

धाकटी नणंद जूनपासून घोळात आहे: लेकीला शाळेच्या बसमध्ये घालावं की कोपऱ्यावरच्या काकांच्या व्हॅनमध्ये? शेवटी दोन्ही गाड्या मी स्वतः पाहून आले.

पैसे आणि वेळ यांत व्हॅन सरस. दारात येते, बस नाक्यावर थांबते.

तपासणीचं मात्र नीट बघा. आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र दोघांनाही लागतं: गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी. गाडीचा नंबर टाकला की एम-परिवहन ॲपवर त्याची मुदत दिसते. व्हॅनची नंबरप्लेट पांढरी असेल तर विषय तिथेच संपवा, ती खासगी गाडी आहे. सीएनजी असेल तर टाकीची चाचणी दर 3 वर्षांनी व्हावी लागते. मी पाहिलेल्या व्हॅनमध्ये टाकीवरच दप्तरं रचली होती, त्याखालची तारखेची पट्टी वाचताच येईना. माझ्या पोटात गोळाच आला.

बसचा संकटकालीन दरवाजा मी उघडायला लावला. दोन हिसक्यांत उघडला. अग्निशामक भरलेला होता, मुलांना सांभाळणाऱ्या ताईही बसमध्ये होत्या. शिवाय काही बिनसलं तर शाळेच्या परिवहन समितीकडे दाद मागता येते. व्हॅन पालकांनी परस्पर ठरवलेली असली की बहुतेक शाळा हात वर करतात.

घर अरुंद बोळात असेल, नाक्यापर्यंत सोडायला कुणीच नसेल, तर पिवळ्या नंबरप्लेटची, मोजकीच मुलं घेणारी व्हॅन चालेल. कागद दर सत्राला बघायचे. नणंदेकडे सासरे सकाळी मोकळे असतात. तिला मी बसच सांगितली.