याकिसोबा की याकिउदोन, घरी काय करावं?

दोन्ही जपानी परतलेल्या नूडल्सच. नावात सोबा (म्हणजे कुट्टू) असलं तरी याकिसोबात कुट्टूचं पीठ नसतं बरं का, गव्हाच्याच बारीक नूडल्स असतात. जपानात त्या वाफवलेल्याच पाकिटात मिळतात त्यामुळे उकडत बसायला नको, पॅनमध्ये पोर्क, कोबी, गाजर परतायचं, नूडल्स टाकायच्या, थोडं पाणी शिंपडून मोकळ्या करायच्या आणि वूस्टरसारखा आंबटगोड सॉस घातला की झालं. वरून आओनोरी (समुद्री शेवाळाची पूड) आणि लाल आल्याचं लोणचं हवंच.

याकिउदोनातल्या उदोन नूडल्स जाड आणि मऊ. १९४५ मध्ये, युद्ध नुकतंच संपलेलं, जपानमधल्या कोकुरात सोबा नूडल्स मिळेनात म्हणून सुके उदोन उकडून परतले आणि तिथून हा पदार्थ आला असं सांगतात. यात बरेच जण सोया सॉसच घालतात आणि वरून कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पातळ काप, गरम वाफेने ते हलायला लागतात ते बघायलाच किती भारी वाटतं!

मला विचाराल तर पहिल्यांदा करताना उदोनच घ्या, फ्रोजन मिळाले तर उत्तम, जाड असल्याने तुटत नाहीत आणि वेगळा सॉस शोधत फिरावं लागत नाही. पण तव्यावर किंचित करपलेल्या सॉसचा तो खमंग वास पाहिजे असेल तर याकिसोबाच.