माळावर आधी काय न्यावं: दुर्बीण की झूम कॅमेरा?

सासवड-सुप्याकडच्या माळांवर हिंडायची गोडी लागली की हा प्रश्न येतोच, आणि पैसे बहुधा एकाच वस्तूपुरते असतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी दुर्बीण घ्या.

धाविक पक्षी बघा. मातीच्याच रंगाचा. चार पावलं पळतो, थबकतो, आणि थबकला की दिसेनासा होतो. ८×४२ च्या (८ पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीत माळाचा रुंद पट्टा एकदम नजरेत येतो, म्हणून तो पुन्हा पळाला की सापडतो. ८३ पट झूमच्या कॅमेऱ्यात पूर्ण झूमवर हातभर जमीन दिसते. पक्षी हलला की त्याला पुन्हा शोधण्यातच वेळ जातो. पहाटे अंधुक उजेडात तर अशा कॅमेऱ्याचा छोटा सेन्सर रवाळ चित्रं देतो, दुर्बीण मात्र स्वच्छ दाखवते. १० पटीची घ्यायचा मोह आवरा. चालून दम लागलेला असताना हाताची थरथरही १० पट दिसते.

ऊन चढलं की झळा सुरू होतात. मग मयूरेश्वर अभयारण्यातला लांबचा चिंकारा कितीही झूम केला तरी पाण्यात बुडाल्यासारखाच येतो.

कॅमेरा सरस ठरतो तो ओळख पटवताना. चंडोल आणि तिरचिमण्या हे एकसारखे दिसणारे मातकट पक्षी जागेवर ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. फोटो असला तर छातीवरच्या रेघा घरी निवांत तपासता येतात. सरड्यांसाठीही कॅमेराच हवा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्याआधी एक नर सरडा गळ्याची निळी-काळी-नारिंगी झालर फुलवतो. २०१६ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं ‘सरडा सुपर्बा’, आपला मराठी शब्द जसाच्या तसा! ती झालर क्षणभरच उघडते.

पण कॅमेरा आपल्याला पुढे ओढतो. एकदा एका फ्रेमसाठी मी दहा पावलं पुढे गेले आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात. ती उठली की उन्हात तापतात. मी तशीच मागे फिरले. दुर्बिणीला ती दहा पावलं लागलीच नसती.

फुलपाखरं आणि सरडेच बघायचे असतील तर मात्र खुशाल कॅमेरा घ्या. दुर्बीण घेणार असाल आणि चष्मा असेल, तर दुकानात तो लावूनच बघा. चष्म्यातून पूर्ण गोल दिसत नसेल, तर ती घेऊ नका.