कोथरूडची मिसळ, दिलजित आणि निकाल

कोथरूडमधील या लहानशा हॉटेलात पोहे आणि बटाट्याची भाजी घातलेली पुणेरी मिसळ मिळते. सँपल (मिसळीचा रस्सा) गोडसर असल्याने कोल्हापूरकरांनी अपेक्षा बेतानेच ठेवावी. मटकी मात्र नेमकी शिजलेली, बोटाने दाबली तर दबणारी पण न फुटणारी. स्पीकरवर पंजाबी गायक दिलजित दोसांझ लागताच शेजारच्या आजोबांनी २४ नोव्हेंबर २०२४ रोजी कोथरूडातच झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचा, त्यातील रद्द झालेल्या मद्यपरवान्याचा आणि आदल्याच दिवशी लागलेल्या विधानसभा निकालाचा असा काही एकत्रित पंचनामा केला, की माझी वाटी निवून गेली. (आजोबांनी गाणे मात्र बंद करायला सांगितले नाही.) जादा सँपल मागितल्यावर वीस मिनिटांनी आले, तेही कोमट, ताक उत्तम.