नॅनो झिंकने करडईचं तेल वाढतं म्हणून सांगितलं आणि 74,800 रुपये नेले

विक्रेत्याने दिलेल्या नॅनो (अतिसूक्ष्म कणांच्या) झिंक-कॉपरच्या 44 बाटल्या, प्रत्येकी 1,450 रुपये, म्हणजे 63,800. वर 22 एकरांची 'बायबॅक नोंदणी' (म्हणजे पिकलेला माल तेच विकत घेणार) एकरी 500 रुपयांनी, ते 11,000. मराठवाड्यातल्या आमच्या करडई गटाचे एकूण 74,800 रुपये बुडाले. माल उचलायला कुणी आलं नाही, फोन बंद. असले धंदे कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळचं आमिष असं: नॅनो झिंक-कॉपरच्या दोन फवारण्या, तेल जवळपास दोन टक्के जास्त, दर्जा एक्स्पोर्टचा, क्विंटलला बाजारभावापेक्षा 900 रुपये जादा.

चीड येते ती त्यांनी दाखवलेल्या तेलाच्या तपासणी रिपोर्टची. फवारलेल्या करडईत तेल 28.2 टक्के, न फवारलेल्या करडईत 26.4. शिक्का होता, सही होती. ओलाव्याचा रकाना मात्र नव्हता. तिथेच तो कागद परत करायला हवा होता. हिशोब करून बघा. कोरड्या वजनावर, म्हणजे ओलावा वजा करून, 30 टक्के तेल असलेली करडई घ्या. 12 टक्के ओलावा असताना तपासली तर तेल 26.4 येतं. तीच वाळवून ओलावा 6 टक्क्यांवर आणली की 28.2. एकाच पोत्यातला माल, फवारणीचा थेंबही नाही! थोडं टरफल काढून टाकलं तर आकडा आणखी चढतो, कारण तेल गरात असतं. असा कागद समोर ठेवल्यावर भलेभले गप्प बसतात, आम्हालाच वेडं ठरवू नका. तेलाचा रिपोर्ट कोरड्या वजनावर आहे का, हे आधी विचारा.

फसवणुकीची दुसरी खूण बाटलीतच होती. औषध पाण्यात टाकलं तरी पाणी नितळ राहिलं, तर म्हणे कण इतके बारीक आहेत! झिंक ऑक्साइडचे नॅनो कण पाण्यात विरघळून जात नाहीत, तरंगत राहतात. एक टक्क्याचं मिश्रण दुधाळ दिसतं. पातळ केल्यावरही लेझर टॉर्च मारली की पाण्यात प्रकाशाची रेघ उमटते. रेघच नसेल तर बाटलीत बहुधा साधा विरघळलेला क्षार आहे. आणि लेबलवरचा एक टक्का खरा धरला तरी 500 मिलीत झिंक 5 ग्रॅम. 21 टक्क्यांच्या झिंक सल्फेटच्या 24 ग्रॅममध्ये तेवढंच असतं.

नॅनो झिंकवरचं संशोधन खोटं नाही. तिरुपतीच्या संशोधकांचा 2012 चा भुईमुगावरचा अभ्यास हे लोक दाखवतात. त्यात 1000 पीपीएमला (दहा लाख भागांत हजार भाग) उगवण आणि वाढ सुधारली, 2000 ला उलटा परिणाम झाला. तो अभ्यास उगवण, वाढ आणि उत्पन्नाचा आहे. त्यावरून तेलाच्या एक्स्पोर्ट दर्जाची हमी कुठून आली? तेलाचं प्रमाण आधी वाण ठरवतो. जमिनीत गंधक कमी असेल तर तेल घटतं, तिथे सिंगल सुपर फॉस्फेट किंवा जिप्समचा उपयोग होतो. झिंक माती परीक्षणात कमी आलं तरच द्या.

फवारणीतल्या कॉपरबद्दल, म्हणजे तांब्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल (हवेने लवकर बिघडणारा स्निग्ध घटक) 70 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ते लवकर खवट होतं, आणि तांब्याचा अंश हे काम फार वेगाने करतो. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकात व्हर्जिन (रिफाइन न केलेल्या) तेलात तांबं किलोला 0.4 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. रिफायनरीत धातू बरेच निघतात, घाण्याच्या तेलात ती सोय नाही. दाणे भरताना तांब्याची फवारणी करायला सांगणारा माणूस तेलाच्या दर्जाचं बोलत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. घाणेवाल्यांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल खवट व्हायला लागलंय का ते दाखवणारा आकडा) ताज्या तेलाची आणि साठवलेल्या तेलाचीही तपासावी.

आता कार्यालयं. कृषी खात्यात सांगितलं, लेबलवर 'टॉनिक' आहे, हे खतात बसत नाही. अहो, खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी असली टॉनिकं, 2021 पासून आहेत! मग म्हणाले, फोडलेल्या बाटलीचा नमुना घेता येत नाही, विक्रेत्याकडचा सीलबंद साठा दाखवा. विक्रेता पळाला, साठा आम्ही कुठून आणायचा? पोलीस म्हणाले, व्यवहार तुमच्या मर्जीने झाला, दिवाणी दावा लावा. परवाना कुणाचा होता, हे सांगायलाही कुणी तयार नाही. शेतकऱ्याने बिल ठेवलं नाही की तोच दोषी, आणि बिनपरवाना माणूस गावोगाव बाटल्या विकतो तेव्हा निरीक्षक कुठे असतात?

एक बाटली सीलबंद ठेवाच. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. पैसे रोख देऊ नका. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, आमचा अर्ज तिथेच आहे.

तीच बाटली नव्या लेबलने आता सोयाबीनसाठी फिरते आहे, भाव 1,650.