गाठ परत वाढली: विनब्लास्टिन की गोळ्या?

कार्बोप्लॅटिन-व्हिनक्रिस्टिन ही पहिली किमो होऊनही एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली, की लो-ग्रेड ग्लायोमा (मेंदूतली हळू वाढणारी गाठ) असलेल्या मुलांच्या पालकांपुढे बहुतेक वेळा हा पेच येतो: दर आठवड्याला विनब्लास्टिन ही किमो, की डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबच्या गोळ्या? माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला दोन्ही झालंय. आधी पाच महिने विनब्लास्टिन, कारण बायोप्सीच्या ब्लॉकचा (जपून ठेवलेल्या तुकड्याचा) जनुकीय रिपोर्ट यायला वेळ लागला. त्यात बीआरएएफ व्ही६००ई निघालं (गाठीच्या जनुकातला बदल, ज्यावर या गोळ्या चालतात), मग गोळ्या.

व्ही६००ई नसेल, तर पुढचं तुमच्या कामाचं नाही. मुलांत जास्त सापडतं ते बीआरएएफचं फ्युजन, म्हणजे ते जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं, आणि त्यात डॅब्राफेनिबने गाठ उलट वाढू शकते.

विनब्लास्टिनला मी नावं ठेवणार नाही. जुनं औषध, त्यामानाने स्वस्त. केस फारसे गेले नाहीत, व्हिनक्रिस्टिनवर पाऊल घासत चालायची तेही हळूहळू सुधारलं. गाठ होती तेवढीच राहिली. या आजारात 'तेवढीच' हाही चांगला रिपोर्ट असतो, हे माझ्या गळी उतरायला दोन एमआरआय लागले.

आम्हाला पिडलं ते काउंटने, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याने. कागदावर ७० आठवडे. पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून पुणे, हातातून सीबीसीसाठी रक्त, मग पोर्टवर (किमोसाठी छातीत त्वचेखाली बसवलेली डबी) बधिर करणारं मलम लावून, वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून लेक बाकावर बसायची. रिपोर्ट यायचा: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६२०, किमोसाठी कमी. "पुढच्या आठवड्यात या." आदल्या दिवशी साताऱ्यात सीबीसी करून न्यावं म्हटलं, तर पुण्यात बाहेरचा रिपोर्ट चालत नसे. पाच महिन्यांत सहा खेपा अशा फुकट गेल्या. पुढेपुढे माझा चेहरा बघूनच ती बेसिनपाशी जाऊन मलम पुसून यायची. "बाबा, निदान वडापाव तरी?" आणि काउंट कमी, म्हणून तोही नाही.

गोळ्यांची कटकट वेगळी. खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी, तेही डॅब्राफेनिब दिवसातून दोनदा. शाळेच्या सकाळी हे गणित चुकतंच. ट्रॅमेटिनिब फ्रिजमध्ये, म्हणजे वीज गेली की धावपळ. मधूनच ताप येतो. किमोत ताप म्हणजे थेट कॅज्युअल्टी. इथे बऱ्याचदा औषधाचाच असतो, गोळ्या थांबवून उतरतो. तरी फोन करायचाच, मनाने ठरवायचं नाही. शिवाय त्वचा, डोळे आणि हृदयाचा इको यांवर लक्ष. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो होतो. मदत योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळ्यांवर ४७ टक्के मुलांची गाठ लक्षणीय आकसली, कार्बोप्लॅटिन-व्हिनक्रिस्टिनवर ११ टक्के. पण ती तुलना विनब्लास्टिनशी नव्हती, आणि पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या मुलांमधली होती. म्हणून आमच्यासारख्यांनी तो आकडा जपूनच धरावा. गोळ्या बंद केल्यावर गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते, तेव्हा किती वर्षं घ्यायच्या हा प्रश्न आमच्याही डॉक्टरांनी मोकळाच ठेवलाय.

हॉस्पिटल घराजवळ असेल आणि काउंट टिकत असतील, तर विनब्लास्टिन सोडायची घाई करू नका. आमचे टिकत नव्हते. आता पुण्याला महिन्यातून एकदा जातो, आणि परतताना स्टँडवर ती वडापाव घेते. दोन तासांचं गणित सांभाळून.