डायलने घट्ट-सैल होणारे सॉकेट: वापरानंतरचा अभिप्राय

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायासाठी मी सध्या डायल फिरवून घट्ट किंवा सैल करता येणारे सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला भाग (स्टंप) ज्यात बसतो तो कप्पा, वापरतो. कार्बन फायबरची चौकट, तिच्यात आतबाहेर सरकणारी पॅनेल, त्यांना ओढून धरणारी बारीक तार आणि बाहेरून हाताला लागणारी डायल, एवढीच त्याची रचना आहे.

दिवसभराच्या दाबाने स्टंपमधील द्रव कमी होत जातो. त्यामुळे सकाळी नेमके बसलेले सॉकेट संध्याकाळी ढिले पडते, स्टंप आत खोल उतरतो आणि नडगीचे टोक तळाशी आपटू लागते. साध्या सॉकेटमध्ये अशा वेळी पाय काढायचा, आणखी एक मोजा चढवायचा आणि पाय पुन्हा घालायचा, आणि हे चारचौघांत करणे किती अवघड असते ते करणाऱ्यालाच ठाऊक. या सॉकेटमध्ये तेच काम उभ्या उभ्या होते. बराच वेळ बसायचे असल्यास तार सैल सोडता येते, हा लाभ मला त्याहूनही मोठा वाटतो.

मात्र खरा आराम डायलमध्ये नसून पॅनेल नेमके कुठे दाबते यावर अवलंबून आहे. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, नडगीच्या वरच्या भागाची आतली बाजू आणि पोटरीचे स्नायू दाब सोसतात. नडगीची धार, तिचे कापलेले टोक आणि बाहेरच्या बारीक हाडाचा माथा सोसत नाहीत. मला आधी पारदर्शक प्लास्टिकचे चाचणी-सॉकेट घालून चालायला लावले, तेव्हा त्या माथ्यावरची त्वचा दाबाने पांढरी पडलेली बाहेरून स्पष्ट दिसली आणि तिथे साच्यात जागा वाढवण्यात आली. ही पायरी गाळणाऱ्याकडून कोणतेही सॉकेट घेऊ नये, कारण चुकीच्या साच्यावरची डायल चुकीच्याच जागी अधिक जोराने दाबते.

घामाचा त्रास या रचनेने कमी झालेला नाही; सिलिकॉनचा लायनर (स्टंपवर चढवायचे मऊ आवरण) उष्णता कोंडून ठेवतो आणि तो उतरवून पुसण्याला पर्याय नाही. तारेच्या खाचेत धूळ साचली की डायल जड फिरते, तेवढी स्वच्छता नियमित ठेवावी लागते.

मधुमेहामुळे ज्यांच्या स्टंपची संवेदना मंदावली आहे, त्यांना तार जास्त आवळली गेल्याचे कळत नाही. त्यांनी हे सॉकेट घेतलेच, तर डायल कुठवर फिरवायची याची खूण प्रोस्थेटिस्टकडून (कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून) करून घ्यावी आणि रोज पाय काढल्यावर आरशात त्वचा तपासावी.