ताजी शेवंड हाती आली: उकडायची, वाफवायची, भाजायची की लोण्यात शिजवायची?

शेवंड, म्हणजेच लॉबस्टर, जिवंत घरी आली की विचार करायला फारसा वेळ मिळत नाही. ती मेली की तिच्या डोक्याकडच्या पाचक ग्रंथीतले रस तिचंच मांस विरघळवायला लागतात. जिवाणूंचंही काम सुरू होतं आणि मांस पिठूळ होत जातं. म्हणून कशी शिजवायची ते आधीच ठरवलेलं बरं. तोवर तिला ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, पण नळाच्या पाण्यात बुडवू नका. समुद्राचा जीव गोड्या पाण्यात तग धरत नाही. शेपटीच्या पोटाकडे गाबोळी चिकटलेली दिसली, तर हा सगळा विचार करायचंच कारण नाही. तिला आल्या वाटेने समुद्रात सोडायचं. बऱ्याच देशांत तसा कायदाच आहे.

पद्धत कोणतीही असो, मारण्याचा प्रश्न टळत नाही. स्वित्झर्लंडने शुद्धीवर असलेली शेवंड उकळत्या पाण्यात टाकायला 2018 पासून बंदी घातली आहे. ब्रिटनने 2022 च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे आणि शेवंडींनाही संवेदनशील प्राणी मानलं. मी तिला आधी वीस-तीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवतो. थंडीने ती सुस्त होते, मरत नाही. मग जड सुरीचं टोक डोळ्यांच्या मागे, पाठीच्या मधल्या रेषेवर टेकवून एका दाबात डोकं उभं चिरायचं. तिला आपल्यासारखा एकच मेंदू नसतो, मज्जातंतूंच्या गाठींची माळ शरीरभर असते. म्हणून नुसतं टोचून भागत नाही, त्या रेषेवर पूर्ण उभी चीर द्यावी लागते. नंतरही पाय हलत राहतात, तेव्हा दचकू नका. पाण्यात टाकल्यावर ‘किंचाळते’ म्हणतात तेही खरं नाही. तिला स्वरयंत्रच नसतं, तो कवचातून निसटणाऱ्या हवेचा आणि वाफेचा आवाज असतो.

आता पद्धतींकडे वळू. सगळ्यांत जास्त वापरली जाते ती उकडण्याची, आणि त्याला कारणही आहे. मोठं पातेलं, पाणी, मीठ एवढ्यावर काम होतं. पाणी समुद्राइतकं खारट हवं, म्हणजे लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. अर्धा किलोच्या शेवंडीला आठ ते दहा मिनिटं, किलोभराच्या शेवंडीला पंधराच्या आसपास. आच चारी बाजूंनी सारखी लागते, मांस कवचापासून चटकन सुटतं आणि सात-आठ माणसं जेवायची असली तरी गडबड होत नाही. तोटा असा की तिचा थोडा रस पाण्यात जातो आणि थोडं पाणी तिच्यात शिरतं. ताटात कवच फोडलं की ते पाणी हमखास अंगावर उडतं. शिवाय उकळत्या पाण्यात दोन मिनिटांची चूकसुद्धा महाग पडते, कारण मांस रबरासारखं होतं.

वाफवणं दिसायला तसंच, पण वागायला वेगळं. पातेल्यात चार-पाच सेंटिमीटर खारट पाणी, त्यावर जाळी किंवा चाळणी, वर घट्ट झाकण. वेळ थोडा जास्त धरायचा: अर्धा किलोला दहा-बारा मिनिटं, किलोला सोळा-अठरा. इथे आच जरा सावकाश आत जाते आणि हाच तिचा मोठा गुण आहे. ‘झाली’ आणि ‘जास्त झाली’ यांच्यामध्ये सावरायला जागा मिळते. रस पाण्यात वाहून जात नाही, त्यामुळे चवही जास्त शेवंडीची लागते. नुकतंच कवच टाकून नवं धरलेल्या शेवंडीच्या आत आधीच पाणी जास्त असतं. ती कधीच उकडू नये, वाफवावीच, आणि तीही दोन-तीन मिनिटं कमी. अडचण एवढीच की एका पातेल्यात दोन-तीनच मावतात. एकावर एक रचल्या तर अर्ध्या वेळानंतर खालच्या वर आणि वरच्या खाली कराव्या लागतात. कोणी पहिल्यांदाच करणार असेल, तर माझं उत्तर हेच असतं: वाफवा.

भाजण्याबद्दल मात्र माझं मत दोन टोकांचं आहे. निखाऱ्यांवर कवच करपतं तेव्हा जो वास सुटतो, तो बाकी कुठल्याही पद्धतीत येत नाही. पण घरी शेवंड वाया जाण्याचा सगळ्यांत सोपा मार्गही हाच. उभी चिरून दोन फाका केल्या की मांस उघडं पडतं, आणि निखाऱ्यांची आच त्यातला ओलावा बघता बघता ओढून घेते. मोठ्या नांग्यांची जात असेल तर आणखी पंचाईत. शेपटी झालेली असते, तेव्हा नांग्यांमधलं मांस कच्चंच असतं, कारण तिथलं कवच जाड. त्यावर उपाय म्हणजे नांग्या वेगळ्या काढून आधी उकडून घेणं, किंवा अख्खी शेवंड चार-पाच मिनिटं उकडून, चिरून, मग निखाऱ्यांवर चार-पाच मिनिटं ठेवणं. दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, जरी काही जण त्याला पळवाट म्हणतील. बिननांग्यांची, लांब मिशांची काटेरी शेवंड असेल, तर ती कच्चीच भाजायला हरकत नाही. तिचं बहुतेक मांस शेपटीत असतं. कवचाची बाजू खाली, मांसावर लोणी किंवा तेल फासत राहायचं, आठ-दहा मिनिटांत काम होतं. हाताळताना जाड हातमोजे घाला, ते काटे खरोखर लागतात. ओव्हनची वरची आच म्हणजे याच पद्धतीची घरातली आवृत्ती: धुराचा वास नाही, बाकी धोके तेच.

लोण्यात शिजवणं हा हौसेचा मामला आहे. उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटंच बुडवून काढायची, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची आणि कवच सोलून मांस अख्खं बाहेर काढायचं. मग ते 70 अंशांच्या खाली राखलेल्या वितळलेल्या लोण्यात बुडवायचं. आच इतकी मंद, की मांस आवळत नाही. जिभेला इतकं मऊ दुसऱ्या कशात लागत नाही, हे मान्य. पण थर्मामीटर हवा, भरपूर लोणी हवं, आणि अर्धकच्चं मांस कवचातून न फाटता काढायचा धीर हवा. एक-दोघांसाठी ठीक, पंगतीसाठी नाही. प्रेशर कुकर आणि मायक्रोवेव्ह यांचा विचारच सोडून द्या. दोन्हींत शिजतंय काय ते दिसत नाही आणि मिनिटाचा हिशोब हातात राहत नाही. रश्शात घालायची असेल तर अर्धवट वाफवून मांस काढून ठेवा आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी सोडा.

लाल रंग दिसला म्हणजे शिजली, हा समज सगळ्याच पद्धतींत घात करतो. तो रंग तिच्या कवचात आधीपासून असतो. अ‍ॅस्टाझँथिन नावाचं हे लाल द्रव्य एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं असतं, म्हणून जिवंतपणी ती निळसर-काळपट दिसते. उष्णतेने ते प्रथिन मोडतं आणि लाली उघडी पडते, आतलं मांस शिजायच्या कितीतरी आधी. खरी खूण मांसाची: काचेसारखी पारदर्शक झाक जाऊन ते पांढरंशुभ्र झालं पाहिजे. थर्मामीटर असेल तर शेपटीच्या सर्वांत जाड भागात 63 अंश बघा. भाजताना मांस समोरच दिसतं, तेवढा त्या पद्धतीचा फायदा. उकडताना-वाफवताना घड्याळावरच विसंबावं लागतं.

फोडल्यावर डोक्याच्या पोकळीत हिरवट मऊ गोळा सापडतो. अनेकांना तोच सगळ्यांत आवडतो. पण ती तीच पाचक ग्रंथी, आणि समुद्रातली विषारी द्रव्यं तिथेच साठतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 मध्ये अमेरिकन शेवंडीतला हा भाग खाऊ नका असं सांगितलं होतं. तिथे जमणारं शेवाळजन्य विष शिजवून नष्ट होत नाही, म्हणून उकडा नाहीतर भाजा, काही फरक पडत नाही. मी तो काढून टाकतो. मादीच्या पोटाच्या आतली, अजून बाहेर शेपटीला न चिकटलेली गाबोळी कच्ची असताना काळपट हिरवी असते आणि शिजली की लाल होते. ती मात्र ठेवायची.

कवचं फेकू नका. लोण्याच्या पद्धतीत ती जवळजवळ कच्ची उरतात, म्हणून त्यांचा अर्क सगळ्यांत चांगला निघतो. वाफवलेल्यांचा त्याखालोखाल, उकडलेल्यांचा जरा फिका. थोड्या तेलात परतून, पाणी घालून मंद आचेवर तीस-चाळीस मिनिटं ठेवा आणि लगेच गाळा. तासभर ठेवलात तर कडवटपणा उतरायला लागतो.